कायद्याने सज्ञान, कारभारात परस्वाधीन: फ्रान्स्वा दुसऱ्याची 514 दिवसांची राजवट

10 जुलै 1559 रोजी पॅरिसच्या तूर्नेल वाड्यात फ्रान्सचा राजा हेन्री दुसरा मरण पावला. दहा दिवसांपूर्वी, 30 जूनला, रू सेंत-आंत्वानवर भाल्यांच्या झुंजीत स्कॉटिश रक्षकदलाचा कप्तान माँगोमेरी याचा भाला मोडला होता आणि त्याच्या चिरफळ्या राजाच्या शिरस्त्राणाच्या फटीतून उजव्या डोळ्याच्या वरच्या बाजूने आत घुसल्या होत्या. आंब्रुआझ पारे आणि ब्रुसेल्सहून बोलावलेला वेसालियस हे त्या काळचे दोन नामांकित वैद्य उशाशी असूनही उपाय चालला नाही. गादीवर आला थोरला मुलगा फ्रान्स्वा. वय 15 वर्षे, साडेपाच महिने. पुढच्या वर्षी 5 डिसेंबरला तोही गेला. मधले दिवस मोजले तर 514 भरतात.

एवढ्याशा राजवटीचा अभ्यास करायचा तो एका नेमक्या पेचासाठी. हा राजा अज्ञान असता तर रीतसर पालक-कारभारी नेमावा लागला असता, राजघराण्याच्या जवळच्या पुरुषांना आपला हक्क सांगता आला असता, राज्यसभेला, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य प्रजा यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, मत विचारावे लागले असते. पण कायद्याच्या लेखी फ्रान्स्वा सज्ञान होता. त्यामुळे त्याच्या नावाने निघालेला प्रत्येक हुकूम वैध ठरला, मग तो कोणी का लिहून दिलेला असेना. पुढची बहुतेक सारी अनर्थमालिका या एका गोष्टीतून निघाली.

सज्ञानतेचा कायदा

1374 मध्ये चार्ल्स पाचव्याने वटहुकूम काढून राजाच्या सज्ञानतेची मर्यादा चौदा वर्षांवर आणली. हेतू उघड होता: पालकत्वाचा काळ जितका लहान, तितकी काका-मामांची लुडबूड कमी. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र हे साधले नाही. 1380 मध्ये तो वारला तेव्हा त्याचा मुलगा अकरा वर्षांचा होता, काकांनी कारभार हाती घेतला आणि मुलाने तो 1388 मध्ये परत घेतला तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. कागदावरचे वय आणि राज्य चालवण्याची कुवत यांतले अंतर तेव्हाच दिसून आले होते. तरीही वटहुकूम कायम राहिला.

फ्रान्स्वाच्या बाबतीत हे अंतर फारच मोठे होते. त्याचा जन्म 19 जानेवारी 1544 रोजी फोंतेनब्लोला झाला. हेन्री आणि कॅथरीन द मेदिची यांच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती आणि मूल नाही म्हणून कॅथरीनला माहेरी पाठवण्यापर्यंत गोष्टी गेल्या होत्या. नवसासायासाने झालेला हा मुलगा अंगाने किरकोळ, उंचीने कमी, बोलताना अडखळणारा होता. नाक कायम चोंदलेले, सर्दी बारमाही, कान दुखणे नेहमीचे. शिकारीचा मात्र त्याला अतोनात नाद होता. राज्यकारभाराचे धडे त्याला वडिलांजवळ बसून मिळायला हवे होते. पण बाप चाळिशीत धडधाकट होता, घाई कोणालाच नव्हती.

त्याचे लग्न मात्र घाईने झाले. स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट 1548 मध्ये, पाच वर्षांची असताना फ्रान्सला आली आणि त्याच्याबरोबरच वाढली. 24 एप्रिल 1558 रोजी नोत्र-दामला लग्न लागले तेव्हा तो चौदाचा आणि ती पंधराची होती. मेरीची आई गीझ घराण्यातली. म्हणजे राजा झाला तेव्हा फ्रान्स्वाच्या पाठीशी दोन मामेसासरे होते: फ्रान्स्वा, गीझचा ड्यूक, ज्याने जानेवारी 1558 मध्ये इंग्रजांकडून कॅले परत घेतले होते, आणि त्याचा भाऊ शार्ल, लोरेनचा कार्डिनल. एक लढवय्या, दुसरा चतुर प्रशासक.

एका दिवसात झालेला ताबा

सत्ता कशी हलली हे पाहण्यासाठी 10 जुलैच्या त्या एका दिवसाकडे बारकाईने पाहायला हवे. हेन्रीचा सर्वांत जवळचा मंत्री होता काँस्टेबल, म्हणजे राज्याच्या फौजेचा मुख्य, आन द माँमोरांसी. तो राजवाड्याचा मुख्य कारभारीही होता आणि रिवाजाप्रमाणे मृत राजाचे दफन होईपर्यंत देहापाशी थांबणे हे त्या पदाचे कर्तव्य होते. तो तूर्नेलमध्ये अडकून पडला. त्याच दिवशी गीझ बंधूंनी नव्या राजाला लुव्रमध्ये नेले. विधवा राणीने पती वारला त्या जागी चाळीस दिवस शोक पाळायचा असा दंडक होता. कॅथरीनने तो मोडला आणि मुलाबरोबर लुव्रला गेली. तिचा निर्णय अचूक होता. त्या आठवड्यात जो राजापासून दूर राहिला तो सत्तेपासूनही दूर झाला.

माँमोरांसी राजाला भेटायला आला तेव्हा त्याला सांगण्यात आले की अर्थकारभार आणि राज्याची कामे कार्डिनलकडे दिली आहेत, लष्कर ड्यूककडे. काँस्टेबलने आता वयोमानाप्रमाणे विश्रांती घ्यावी. राजाच्या तोंडून आलेला हुकूम, राजा सज्ञान, मग तक्रार कुठे करणार? काही महिन्यांत राजवाड्याच्या मुख्य कारभाऱ्याचे पदही माँमोरांसीकडून काढून ड्यूकला दिले गेले. हे पद मानाचे वाटते, पण त्यात खरी ताकद होती: वाड्याच्या किल्ल्या, पहारे, कोणाचा मुक्काम कुठे, राजाच्या दालनापर्यंत कोणी जायचे, हे सारे त्या हातात. खजिना, फौज आणि दरवाजा ही तीन ठिकाणे धरली की उरलेले आपोआप हाती येते. हेन्रीची प्रेयसी दियान द प्वातिये हिला दरबारातून घालवले, राजघराण्याचे जवाहीर परत घेतले आणि शनोंसोचा किल्ला कॅथरीनला देऊन त्या बदल्यात शोमोंचा पत्करायला लावला.

या सगळ्याला आक्षेप घेण्याचा पहिला अधिकार नावारचा राजा आंत्वान द बुरबाँ याचा होता, कारण राजवंशातला तो पहिला पुरुष. तो दक्षिणेतून सावकाश निघाला, सावकाश पोहोचला, आणि दरबारात त्याच्या मुक्कामाचीसुद्धा धड सोय ठेवलेली नव्हती. थोड्याच दिवसांत राजाच्या बहिणीला, फिलिप दुसऱ्याच्या नव्या राणीला, स्पेनच्या सरहद्दीपर्यंत पोहोचवण्याची मानाची कामगिरी देऊन त्याला पुन्हा दक्षिणेला पाठवले. आंत्वानचा कच्चेपणा ही त्या वर्षातली फार महत्त्वाची गोष्ट. तो जुलैमध्येच पॅरिसला येऊन उभा राहिला असता तर गीझ बंधूंना निदान वाटा तरी द्यावा लागला असता.

रिकामा खजिना

गीझांच्या हाती आले ते राज्य कर्जात बुडालेले होते. इटली आणि उत्तरेतल्या युद्धांनी 4 कोटी लिव्रहून (लिव्र हे तेव्हाचे फ्रेंच चलन) अधिक देणे करून ठेवले होते, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाच्या तिप्पट-चौपट. एप्रिल 1559 च्या कातो-कांब्रेझी तहाने युद्ध थांबले, सैन्याची गरज संपली. कार्डिनलने जे केले ते हिशेबाच्या दृष्टीने बरोबरच होते: फौजेतले लोक घरी पाठवले, थकलेले पगार लांबणीवर टाकले, निवृत्तिवेतने कापली, दान म्हणून दिलेल्या राजाच्या जमिनी परत मागितल्या.

पण ज्यांचे पैसे अडकले ते कोण होते? पंचवीस वर्षे लढाईखेरीज दुसरा धंदा न केलेले छोटे सरदार, घोडा आणि तलवार सोडून ज्यांच्याजवळ काही उरले नव्हते. ते थकबाकी मागायला दरबाराच्या दाराशी जमू लागले. अर्जदारांनी निघून जावे, नाहीतर फासावर चढवू, अशी दवंडी कार्डिनलने फोंतेनब्लोला पिटवल्याचे सांगतात. कपातीची झळ गीझांच्या आश्रितांना कमी आणि इतरांना जास्त बसली, आणि लोकांना तेच खुपले. काटकसर न्याय्य असली तरी ती करणारा हात पक्षपाती दिसला की तिला लूट म्हणतात.

धर्माचा विस्तव

याच सुमारास कॅल्विनपंथी, म्हणजे जिनिव्हाचा धर्मसुधारक कॅल्विन याला मानणाऱ्या, प्रोटेस्टंटांची संख्या झपाट्याने वाढत होती, आणि त्यांत आता सरदार मंडळीही होती. हेन्रीने जून 1559 मध्ये पॅरिसच्या पार्लमाँमधला, म्हणजे उच्च न्यायसभेतला, सदस्य आन द्यु बुर याला भर सभेत पाखंडाच्या आरोपावरून पकडले होते. नव्या राजवटीने खटला पुढे चालवला. सप्टेंबरपासून एकामागून एक फर्माने निघाली: ज्या घरात गुप्त प्रार्थनासभा भरेल ते जमीनदोस्त करावे, सभा भरवणाऱ्याला देहान्त. 12 डिसेंबरला द्यु बुरच्या खटल्याशी संबंधित न्यायाधीश मिनार घरी परतत असताना गोळी घालून मारला गेला. अकरा दिवसांनी, 23 डिसेंबरला, द्यु बुरला प्लास द ग्रेव्हवर फाशी देऊन त्याचा देह जाळला. न्यायासनावर बसणाऱ्या माणसाचा असा अंत पाहून अनेक तटस्थ लोकही हलले.

पगार थकलेला शिपाई आणि छळला गेलेला प्रोटेस्टंट एकाच माणसावर रागावले: कार्डिनलवर. गावोगावच्या सरदारांत तर पुष्कळदा हे दोन्ही एकच होते.

आंब्वाझचा कट: कुठे आणि का फसला

सज्ञान राजाविरुद्ध शस्त्र उचलणे म्हणजे राजद्रोह. तेव्हा विरोधकांना एकच युक्तिवाद उरला: राजा मामेसासऱ्यांच्या कैदेत आहे, आम्ही त्याला सोडवायला निघालो आहोत. वय झाले असले तरी इतका कोवळा राजा राज्यसभेने निवडलेल्या मंडळाशिवाय कारभार करू शकत नाही, अशी पत्रके फिरू लागली. उलट बाजूने, पार्लमाँचा दप्तरदार झाँ द्यु तिये याने राजाची सज्ञानता निर्विवाद असल्याचे जुन्या दाखल्यांनिशी मांडले. कायद्याचा मुद्दा द्यु तियेचाच बळकट होता. म्हणूनच वाद सभेतून निघून जंगलात गेला.

बेत असा होता. पेरिगोरचा सरदार ला रनोदी याने 1 फेब्रुवारी 1560 ला नांतला मंडळी जमवली. दरबार ब्लुआला असताना छोट्या छोट्या टोळ्यांनी वेगवेगळ्या वाटांनी जवळ यायचे, गीझ बंधूंना पकडायचे, राजापुढे विनंतीअर्ज ठेवायचा आणि राज्यसभा बोलवायला लावायची. राजाच्या केसालाही धक्का लावायचा नाही. पाठीशी एक अबोल पुढारी आहे असे सांगितले जाई, आणि सगळे समजत की तो नावारच्या राजाचा धाकटा भाऊ, काँदेचा राजपुत्र लुई. जिनिव्हात कॅल्विनने या उद्योगाला संमती दिली नव्हती.

फसण्याची कारणे सरळ आहेत. पॅरिसमध्ये ला रनोदी ज्या वकिलाच्या घरी उतरला, त्या आव्हनेलने भिऊन सारे गीझांच्या माणसांना सांगितले. 22 फेब्रुवारीला दरबार उघड्या ब्लुआहून तटबंदीच्या आंब्वाझला हलला, त्यामुळे कटवाल्यांना दिवस पुढे ढकलावा लागला; 10 मार्चचा 16 मार्च झाला. आधीच फुटलेल्या कटाला आणखी सहा दिवस मिळाले ते पाहणाऱ्यांच्या फायद्याचे. टोळ्या विखुरलेल्या, एकमेकींच्या संपर्काबाहेर, आणि लुआरच्या काठचे जंगल घोडेस्वारांनी पिंजून काढलेले. दहा-वीसच्या घोळक्याने माणसे सापडत गेली. कित्येक पायी आलेले, अर्धपोटी. राजाला अर्ज द्यायचा आहे एवढेच त्यांना ठाऊक.

दरम्यान मार्चच्या सुरुवातीला सरकारने एक शहाणपणाचे पाऊल टाकले होते. कटवाले आणि धर्मोपदेशक वगळून, शांतपणे कॅथलिक आचार पाळतील त्या सर्वांना झाल्या गोष्टींची माफी देणारे फर्मान काढले. कॅथरीन आणि मवाळ मंडळींचा हात यामागे होता. पकडलेल्या पायी लोकांना वाटखर्च देऊन घरी पाठवण्याचीही सुरुवात झाली होती. पण 17 मार्चला एका टोळीने गावाच्या वेशीवर हल्ला चढवला आणि दयेचे दार बंद झाले. त्याच दिवशी ड्यूकला राज्याचा सरसेनापती नेमले. 19 मार्चला ला रनोदी जंगलातल्या चकमकीत मारला गेला. त्याचे प्रेत आंब्वाझच्या पुलावर टांगले. नेमूरच्या ड्यूकने जिवाला धोका नाही असा शब्द देऊन नुआझेच्या किल्ल्यातून बाहेर काढलेल्या कास्तेलनो या कटवाल्याचेही शीर उडवले. उरलेल्यांना किल्ल्याच्या सज्ज्यांवरून फाशी दिले, लुआरमध्ये बुडवले. बळींचा आकडा शेकड्यांत जातो. ही शिक्षा दरबारी मंडळींसमोर झाली आणि काँदेला ती पाहत उभे राहावे लागले.

गीझ जिंकले, पण कटाने दाखवून दिले होते की निव्वळ दहशतीने राज्य चालणार नाही.

वळण, आणि स्कॉटलंडची किंमत

चॅन्सेलर, म्हणजे न्यायखात्याचा प्रमुख, ऑलिव्हिये 30 मार्चला वारला आणि त्याच्या जागेवर मिशेल द लोपिताल आला. मे महिन्याच्या रोमोरांतां फर्मानाने पाखंडाचे खटले बिशपांच्या न्यायासनाकडे गेले. तिथे देहान्त शिक्षा देता येत नसे, म्हणजे नुसत्या श्रद्धेपायी चितेवर जाणे थांबले. बेकायदा सभा मात्र राजाच्या न्यायालयांकडे राहिल्या. श्रद्धा आणि बंडखोरी यांत फरक करण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न, आणि 514 दिवसांतले सर्वांत मोलाचे काम हेच.

ऑगस्टमध्ये फोंतेनब्लोला मान्यवरांची सभा बसली. तिथे आरमारप्रमुख कोलिन्यीने नॉर्मंडीच्या प्रोटेस्टंटांचे अर्ज राजापुढे ठेवले आणि उपासनेला जागा मागितली. आर्चबिशप मारियाक आणि बिशप माँलुक हे दोन कॅथलिक धर्माधिकारीही सुधारणेच्या बाजूने बोलले. ठरले ते असे: डिसेंबरमध्ये राज्यसभा, जानेवारीत धर्मसभा. राज्यसभा 1484 नंतर पूर्ण स्वरूपात भरलीच नव्हती.

स्कॉटलंडचा हिशेबही याच उन्हाळ्यात चुकता झाला. हेन्रीने सुनेला इंग्लंडची राजचिन्हे लावायला सांगितले होते. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्या डोळ्यांत ते सलत होते. एडिनबराला मेरीची आई, गीझांची बहीण, प्रोटेस्टंट सरदारांशी झुंजत होती. तिच्या मदतीला निघालेले फ्रेंच आरमार हिवाळी वादळांनी उधळले, इंग्रज गलबते फोर्थच्या खाडीत आली, लीथला वेढा पडला. आंब्वाझनंतर घरचीच फौज घराबाहेर काढण्याची सोय नव्हती. 11 जूनला मेरीची आई वारली. 6 जुलैला एडिनबराचा तह झाला. फ्रेंच सैन्याने परतायचे, डनबार आणि इंचकीथ इथे प्रत्येकी 60 माणसे ठेवायची, इंग्लंडची चिन्हे वापरायची नाहीत. फ्रान्स्वा आणि मेरी यांनी तहावर सही केली नाही, पण सैन्य परतले आणि स्कॉटलंडवरचा फ्रेंच ताबा संपला.

ऑर्लेआँ: खटला आणि कान

सप्टेंबरमध्ये लिआँ ताब्यात घेण्याचा प्रयत्न फसला आणि धागे काँदेपर्यंत पोहोचले. राज्यसभेची जागा आधी ठरलेल्या मो या गावाऐवजी ऑर्लेआँ ठरली. दरबार फौजेसह तिथे आला. नावार आणि काँदे यांना राजाने हजर होण्याचा हुकूम दिला. न जावे तर बंडखोर, जावे तर सापळा. ते ऑक्टोबरअखेर आले आणि काँदेला तत्काळ अटक झाली. न्यायासाठी खास मंडळ बसवले. काँदेने उत्तर द्यायला नकार दिला: राजवंशाच्या पुरुषाचा न्याय राजा, उमराव आणि पूर्ण पार्लमाँ यांनीच करावा. नोव्हेंबरच्या अखेरीस मृत्युदंड ठरला. लोपिताल आणि आणखी काहींनी सह्या लांबवल्याचे सांगतात.

इकडे नोव्हेंबरच्या मध्यावर राजाला चक्कर आली. मग डाव्या कानात ठणका, कानातून पू, कानामागे सूज, ताप. हा आजार आजच्या ज्ञानाने वाचता येतो. नाकाच्या मागे वाढलेल्या ग्रंथी मधल्या कानाची नळी बंद करतात. आत द्रव साठतो, वारंवार पिकतो. कानामागच्या हाडात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या हवेच्या पोकळ्या असतात, पू तिथे शिरतो आणि हाड कुजत जाते. मधला कान आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा पापुद्राच असतो. तो पोखरला की मेंदूच्या आवरणाला सूज येते किंवा मेंदूत गळू होते. फ्रान्स्वाचे बारमाही चोंदलेले नाक, जुने कानदुखीचे झटके आणि अखेरचे आचके, वाचा बसणे, हा क्रम याच्याशी बरोबर जुळतो. आज प्रतिजैविके आणि हाड कोरून पू काढण्याची शस्त्रक्रिया यावर चालते. तेव्हा जुलाब आणि रक्त काढणे हेच उपाय होते. कवटीला भोक पाडण्याचा विचार झाला. धजावले कोणी नाही. पारेने कानात विष घातल्याची अफवा उठली, तिला काही आधार नाही.

गीझांनी राजाच्या दालनाचा दरवाजा घट्ट केला, साधी सर्दी आहे असे बाहेर सांगितले. माँमोरांसी स्वतःचीच प्रकृती पुढे करून ऑर्लेआँकडे अगदी हळूहळू येत होता. कॅथरीनला मात्र मुलगा वाचत नाही हे कळले होते, आणि पुढचा राजा चार्ल्स दहा वर्षांचा. आता पालकत्व लागणार, आणि त्यावर पहिला हक्क नावारचा. त्याचा भाऊ फाशीच्या दाराशी आहे, हीच तिची किल्ली झाली. अखेरच्या दिवसांत नावारने पालकत्वाचा हक्क सोडला, बदल्यात सरसेनापतीपद आणि भावाचा जीव मिळवला, आणि गीझांशी वरकरणी समेटही केला. 5 डिसेंबरला रात्री ग्रोस्लोच्या वाड्यात फ्रान्स्वा गेला. वय 16 वर्षे 10 महिने. काँदे सुटला. सेंत-देनीला, फ्रेंच राजांच्या दफनस्थानी, अंत्ययात्रेबरोबर मोजकेच लोक होते. ज्यांनी त्याच्या नावाने सारा कारभार चालवला ते मामेसासरे गेले नाहीत.

13 डिसेंबरला राज्यसभा उघडली, आठव्या-नवव्या दिवशीच, नव्या राजापुढे. दहा वर्षांच्या पोराचे राज्य पंधरा वर्षांच्यापेक्षा सुरळीत सुरू झाले, कारण या वेळी कारभारी कोण हे सर्वांसमोर, नावानिशी ठरलेले होते आणि जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक होते. मेरी ऑगस्ट 1561 मध्ये स्कॉटलंडला परतली. मार्च 1562 मध्ये वासी या गावी गीझच्या ड्यूकच्या माणसांनी प्रोटेस्टंटांची कत्तल केली आणि यादवी पेटली, ती आतबाहेर 1598 पर्यंत चालली.

कॅथरीनने फ्रान्स्वाच्या राजवटीतून शिकलेली गोष्ट वापरली ती ऑगस्ट 1563 मध्ये. चार्ल्सला तेरा वर्षे पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. लोपितालने 1374 च्या वटहुकमाचा अर्थ लावला की चौदावे वर्ष लागले म्हणजे पुरे, आणि 17 ऑगस्टला रुआँच्या पार्लमाँत राजा सज्ञान जाहीर झाला. पॅरिसच्या पार्लमाँने आपल्याला डावलल्याबद्दल कुरकुर केली. कॅथरीनचे पालकपद त्या दिवशी संपले, आणि मुलाने भर सभेत सांगितले की आई पूर्वीइतकाच, किंबहुना जास्त, कारभार पाहील. आता तिच्या हुकमांवर हरकत घेणे म्हणजे सज्ञान राजावर हरकत घेणे होते.